बंदी येणार म्हणून दोन डबे जास्तीचे घेताय? आधी हे वाचा

मागच्या आठवड्यात राळेगावकडचे एक काका बीपी दाखवायला आले होते. बीपी वाढलेले होते. गोळ्या नियमित घेता का, असे विचारले तर म्हणाले, "पंधरा दिवसाच्याच नेल्या होत्या साहेब. पैशाची अडचण होती." पट्टा सोडता सोडता ते शेतीचे बोलू लागले. "औषधं बंद होऊन राह्यले म्हनते सरकार. दुकानदार म्हने, आत्ताच नेऊन ठेवा, मंग भेटनार नाही, अन् भेटलं तं डबल भावात. चार डबे घेऊन ठेवले उधारीत."

मी विचारले, "ठेवले कुठे?"

"घरातच. माळ्यावर. बाहेर ठेवले तं चोरी जाते."

"घरी कोण कोण असता?"

"मी, म्हातारी, पोरगा, सून, दोन नातवंडं."

बीपीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या आणि विष दोन हंगामांचे! मी त्यांना रागावलो नाही. त्यांचा हिशोब मला समजतो. भाव वाढणार असेल तर शेतकरी आधी माल भरून ठेवणारच. खत, बियाणे, डिझेल, सगळ्याच बाबतीत आपण असे करतो. पण कीटकनाशकाच्या बाबतीत हा हिशोब चुकीचा आहे, आणि चुकला तर किंमत पैशात मोजावी लागत नाही. ती मला आणि माझ्यासारख्या डॉक्टरांना आपत्कालीन विभागात मोजलेली दिसते. म्हणून हा लेख, थोड्या कडक भाषेत.

आधी बंदुकीची गोष्ट

तुम्ही म्हणाल, शेतीच्या औषधात बंदूक कुठून आली? थोडा धीर धरा.

14 डिसेंबर 2012 रोजी अमेरिकेत सँडी हूक नावाच्या शाळेत एका तरुणाने गोळीबार केला. 20 मुले आणि 6 मोठी माणसे मेली. सरकार आता बंदुकांवर निर्बंध आणणार अशी चर्चा सुरू झाली. लोकांनी काय केले असेल? दुकानांपुढे रांगा लावल्या. "उद्या मिळणार नाही, मिळाली तर महाग मिळेल." तुमच्या-आमच्या कृषी केंद्रातले वाक्य जसेच्या तसे! काही महिन्यांत नेहमीपेक्षा सुमारे 30 लाख बंदुका जास्त विकल्या गेल्या, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. निर्बंधाचा तो मोठा कायदा तिथल्या संसदेत मंजूर झालाच नाही. बंदुका मात्र घरोघरी जाऊन बसल्या.

2017 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या काळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बंदुकांची खरेदी वाढली त्या महिन्यांत घरात अपघाताने गोळी सुटून मरणाऱ्यांची संख्याही वाढली. नेहमीपेक्षा सुमारे 60 मृत्यू जास्त, त्यांतली साधारण 20 लहान मुले. संरक्षणासाठी म्हणून आणलेल्या बंदुकीने घरातल्याच लेकराचा जीव घेतला. आणि हे फक्त अपघातांचे झाले. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या एकूण मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. चोर-दरोडेखोर राहतात बाजूलाच.

आता आपल्याकडे या. बंदूक घ्यायची तर 1959 चा शस्त्र कायदा आहे. अर्ज करा, पोलीस चौकशी होते, परवाना मिळाला तर मिळाला. 2019 मध्ये कायदा बदलला आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असे ठरले. मूळ मसुद्यात तर एकच होती. परवानाधारकांनी आरडाओरड केल्यावर दोन झाल्या. ज्याच्याकडे तिसरी होती त्याला ती जमा करावी लागली.

आणि विष? 1968 च्या कीटकनाशक कायद्यानुसार विकणाऱ्याला परवाना लागतो. घेणाऱ्याला काही लागत नाही. किती डबे न्यावेत याला मर्यादा नाही, ते घरात कुठे ठेवले हे कोणी विचारत नाही. पैसे नसतील तर उधारीत मिळते. यवतमाळ जिल्ह्यात परवान्याची बंदूक असलेली घरे तुम्ही बोटावर मोजाल. जहाल कीटकनाशक असलेली घरे मोजायला बसलात तर गावच्या गाव मोजावे लागेल.

म्हणून मी म्हणतो, आपल्या जिल्ह्यातली भरलेली बंदूक माळ्यावर, गोठ्यात, धान्याच्या कोठीमागे ठेवलेली असते. तिला आपण 'औषध' म्हणतो.

हे विष शरीरात काय करते?

जास्तीचे डबे भरून ठेवणाऱ्यांना मी एवढेच विचारतो: हे कसे काम करते, माहीत आहे का?

आपल्या नसा स्नायूंना हुकूम देतात तो एका रसायनामार्फत. त्याचे नाव ॲसिटिलकोलिन. हुकूम पोचला की ते लगेच पुसून टाकावे लागते, नाहीतर स्नायू आकुंचनच पावत राहील. पुसण्याचे काम कोलिनेस्टरेज नावाचे एन्झाइम करते. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके या एन्झाइमलाच कुलूप लावतात. किडीच्या शरीरात तेच होते, माणसाच्या शरीरातही तेच. विषाला बोंडअळी कोणती आणि माणूस कोणता हे कळत नाही.

मग काय दिसते? डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. तोंडाला फेस, दरदरून घाम, उलट्या, जुलाब. छातीत पाणी भरल्यासारखा घरघर आवाज. स्नायू फडफडतात आणि नंतर लुळे पडतात. श्वास घ्यायचे स्नायू लुळे पडले की रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. कधी कधी रुग्ण पहिल्या दिवशी सावरतो, बोलतो, नातेवाईक घरी न्यायची भाषा करतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक त्याची मान उचलेनाशी होते, श्वास अडतो. म्हणून "बरा दिसतो" म्हणून रुग्णाला कधीही घरी नेऊ नका.

हे विष पोटातूनच जावे लागते असे नाही. ते त्वचेतून जाते, श्वासातून जाते. फवारणी करताना ओला झालेला सदरा दिवसभर अंगावर राहिला तर तेवढ्यानेही माणूस आजारी पडतो.

2017 विसरलात का?

यवतमाळकराला हे सांगायची गरज पडू नये. 2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना आपल्या जिल्ह्यात 20 हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. कित्येकांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, काही दिवस दिसेनासे झाले. यांतल्या कुणी विष प्यायले नव्हते. ते कामावर गेले होते. पंप पाठीवर घेऊन रोजीने दुसऱ्याच्या शेतात फवारत होते.

त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. दाट पिकात, दमट हवेत, जास्त दाबाच्या पंपाने फवारा उडाला की तो सगळा तोंडावर, छातीवर येत होता. एकाच टाकीत दोन-तीन औषधे आणि वरून टॉनिक मिसळले जात होते. चौकशी झाली, विशेष पथक नेमले गेले. शासनाने मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांवर यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशिम या जिल्ह्यांत बंदी घातली. किती दिवस? 60! तीही फवारणीचा जोर ओसरल्यावर. घर जळून गेल्यावर दोन महिन्यांसाठी आगपेटी काढून घेण्यातला हा प्रकार.

तेव्हापासून आम्हाला एकच सल्ला दिला जातो: मास्क लावा, हातमोजे घाला, गमबूट घाला. सल्ला बरोबर आहे आणि मीही तो देतो. पण सप्टेंबरच्या उकाड्यात, चिखलात, प्लॅस्टिकचा अंगरखा घालून पाठीवर पंप घेऊन दोन तास चालून दाखवा. ज्याने हा सल्ला लिहिला त्यानेही दाखवावे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची कीटकनाशकांविषयी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आहे. तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की, ज्या कीटकनाशकासाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारे संरक्षक साहित्य घालावे लागते ते टाळावे, विशेषतः उष्ण हवामानातल्या लहान शेतकऱ्यांनी. थोडक्यात, माणसाला अंगरखा चढवण्याआधी विष बदला.

बंदीची रखडपट्टी

मोनोक्रोटोफॉसचेच उदाहरण घ्या. ते जहाल आहे हे काही काल कळलेले नाही. 2005 मध्ये भारतात भाजीपाल्यावर ते वापरायला मनाई झाली. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या याच एका रसायनाच्या दुष्परिणामांवर स्वतंत्र अहवाल काढला. 16 जुलै 2013 रोजी बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेच्या मध्यान्ह भोजनात हेच विष गेले आणि 23 मुले दगावली. 2017 मध्ये आपल्याकडे ते घडले. मे 2020 मध्ये केंद्र सरकारने 27 कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात हे होते. हरकती आल्या, मुदत वाढली, समित्या बसल्या. शेवटी 2023 मध्ये मोनोक्रोटोफॉसच्या नेहमीच्या 36 टक्के द्रावणाची नोंदणी रद्द झाली. तीही कशी? बाजारात आहे तो माल मुदत संपेपर्यंत विकायला आणि वापरायला मोकळीक देऊन.

ही मोकळीकच साठा करायला लावते. आधी बातमी, मग दोन-तीन वर्षांची सवलत. या मधल्या काळात गोदामातला माल दुकानात येतो, दुकानातला तुमच्या माळ्यावर जातो. कंपनीचे गोदाम रिकामे झाले, दुकानदाराची रॅक रिकामी झाली. जोखीम कुणाच्या घरात आली? तुमच्या. आणि उधारीही तुमच्याच नावावर.

"घेऊन ठेवा, भाव वाढणार" असे सांगणारा दुकानदार तुमच्या भल्याचे सांगतो असे समजू नका. ज्या मालाची विक्री बंद होणार, तो त्याला लवकरात लवकर खपवायचा असतो. त्या मालाला मुदत असते. डब्यावरची तारीख वाचा. दोन हंगामांनी तो डबा निम्मा निकामी असेल, पण माणसाला अपाय करायला पुरेसा असेल.

"ज्याला मरायचं, तो मरतेच" — हे खोटे आहे

आता अवघड भाग. आपल्या जिल्ह्यात हा विषय टाळून चालत नाही. महागाव तालुक्यातले चिलगव्हाण आणि 19 मार्च 1986 ही तारीख महाराष्ट्राला माहीत आहे. त्यानंतर किती घरे उजाडली, हे मी सांगायला नको.

बंदीचा विषय काढला की हमखास एक उत्तर येते: "डॉक्टरसाहेब, ज्याला मरायचं तो मरतेच. औषध नाही भेटलं तं दुसरं काही करन." अमेरिकेत बंदुकीच्या बाबतीतही लोक अगदी हेच म्हणतात. ऐकायला शहाणपणाचे वाटते. पुरावा मात्र उलटा आहे.

पहिली गोष्ट, बहुतेक वेळा हा विचार वर्षानुवर्षे ठरवलेला नसतो. भांडण होते, सावकार दारात अपमान करतो, निकाल लागतो, दारू चढलेली असते. एक लाट येते आणि ओसरते. श्रीलंकेत विषबाधा होऊन वाचलेल्या रुग्णांशी बोलून डॉक्टरांनी नोंद केली, तर निम्म्याहून जास्त जणांनी विचार आल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ते कृत्य केले होते. त्या अर्ध्या तासात हाताशी काय आहे, यावर जगणे-मरणे ठरते. हाताशी कमी जहाल वस्तू असेल तर माणूस दवाखान्यात पोचतो आणि वाचतो.

दुसरी गोष्ट, एकदा वाचलेला माणूस पुन्हा तेच करतो, हाही गैरसमज आहे. वाचलेल्या दहांपैकी नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. मी असे रुग्ण पाहिले आहेत. पुढे मुलांची लग्ने करतात, बीपी दाखवायला येतात, "तेव्हा काय डोक्यात आलं होतं देव जाणे" म्हणतात.

तिसरी गोष्ट, देशच्या देशांनी हे करून पाहिले आहे. श्रीलंकेत 1995 च्या सुमारास आत्महत्यांचे प्रमाण लाखामागे 47 होते, जगातल्या सर्वाधिकांपैकी एक. त्यांनी सर्वांत जहाल कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली. 2005 पर्यंत प्रमाण निम्म्यावर आले आणि पुढे आणखी घसरले. वीस वर्षांत सुमारे 93 हजार जीव वाचले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. विषबाधा होऊन दवाखान्यात येणारे लोक तिथे थांबले नाहीत, हे लक्षात घ्या. दुःख होतेच. फक्त आलेले लोक मरायचे कमी झाले. काहींनी दुसरा मार्ग धरला, हेही खरे. पण एकूण आकडा खालीच आला. दक्षिण कोरियाने 2011-12 मध्ये पॅराक्वाट हे तणनाशक बंद केले. दोन वर्षांत कीटकनाशकांमुळे होणाऱ्या आत्महत्या जवळपास निम्म्या झाल्या. ऑस्ट्रेलियात 1996 मध्ये पोर्ट आर्थर येथे 35 जणांची हत्या झाल्यावर सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन लोकांकडून परत घेतल्या. पुढच्या दशकात बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या निम्म्याहून कमी झाल्या.

आणि पीक? श्रीलंकेत भाताचे उत्पादन बंदीमुळे घटले नाही. कोरियातही घटले नाही. केरळने 2011 मध्ये 14 जहाल कीटकनाशके बंद केली, तिथेही बंदीमुळे उत्पादन घटल्याचे अभ्यासात दिसले नाही.

"मग कुलूप लावून ठेवतो की!" असे काही जण म्हणतात. लावाच, लहान मुलांसाठी ते गरजेचे आहे. पण कुलपावर विसंबून राहू नका. श्रीलंकेत 180 गावांत हा प्रयोग झाला. निम्म्या गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटल्या. काही वर्षांनी मोजले, तर पेटी दिलेल्या आणि न दिलेल्या गावांत विष घेण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. कारण सोपे आहे. किल्ली घरातच असते, आणि बहुतेक वेळा ज्याच्या खिशात किल्ली असते त्याच्याच डोक्यात तो विचार आलेला असतो. कुलपाने लेकरू वाचेल. घरधनी वाचवायचा तर जहाल विष घरात येताच कामा नये.

"पण भाव वाढला तर आम्ही काय करायचं?"

हा प्रश्न खरा आहे. बंदीचे समर्थन करणारे बरेचसे शहरातले लोक तो टाळतात. जहाल औषध स्वस्त असते. कमी जहाल पर्याय बहुधा महाग असतो. कापसाच्या भावाची हमी नाही, पावसाची नाही, आणि वर फवारणीचा खर्च वाढला तर तो शेतकऱ्याने कुठून आणायचा?

पण मग या प्रश्नाचे बोट कुणाकडे जायला हवे? बंदीकडे की बंदी आणताना हात झटकणाऱ्या सरकारकडे? ऑस्ट्रेलियाने बंदुका परत घेतल्या त्या पैसे मोजून. आपल्याकडे बंदी आली की कंपनीला साठा खपवायला सवलत आणि शेतकऱ्याला वाढीव भाव. विरोध करायचा तर या व्यवहाराला करा. मागणी करा की:

1. बंदीची यादी मृगाच्या आधी, खरेदीच्या आधी जाहीर व्हावी. हंगामाच्या मध्ये किंवा शेवटी नको.

2. बंद झालेला न फोडलेला डबा बिल दाखवून दुकानात परत करता यावा आणि उधारी खात्यातून वजा व्हावी. तोटा कंपनीने सोसावा.

3. कमी जहाल पर्याय, कामगंध सापळे आणि निंबोळी अर्क यांवर अनुदान मिळावे आणि ते हंगामात वेळेवर मिळावे.

4. फवारणीच्या महिन्यांत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपिन पुरेसे असावे. जिल्ह्यात व्हेंटिलेटर आणि कोलिनेस्टरेजची तपासणी रात्री दोन वाजताही मिळावी.

या चार मागण्यांसाठी मोर्चा काढलात तर मी दवाखाना बंद करून येईन. जहाल विष स्वस्त राहावे म्हणून काढलात तर येणार नाही.

शेतीतला सल्ला मी देत नाही, ते माझे काम नाही. त्यासाठी अकोल्याचे कृषी विद्यापीठ आहे, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. त्यांचे सांगणे एवढे मात्र मला समजते की फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर उपटा, सापळे लावा, कीड मोजा आणि गरज असेल तेव्हाच फवारा. गरज असेल तेव्हाच फवारणाऱ्याला चार डब्यांचा साठा लागत नाही.

आणि कर्जाचे काय? बंदीने कर्ज फिटत नाही, हे मलाही कळते. कापसाला भाव, वेळेवर पीक कर्ज, सिंचन यांसाठीची लढाई वेगळी आणि मोठी आहे. ती लढायला माणूस जिवंत असावा लागतो.

आज घरी गेल्यावर काय कराल?

- माळ्यावर, गोठ्यात, कोठीमागे काय आहे ते काढून पाहा. डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे अति जहाल, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असे मात्र समजू नका.
- पुढच्या एका फवारणीला लागेल त्यापेक्षा जास्त आणू नका. "भाव वाढेल" म्हणून तर मुळीच नाही.
- न फोडलेला डबा दुकानदार परत घेतो का विचारा. नाही म्हणाला तर कृषी सहायकाच्या कानावर घाला. विहिरीत, नाल्यात ओतू नका.
- पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत औषध काढून ठेवू नका. रिकाम्या डब्यात तेल, पाणी, धान्य भरू नका. गंडामनची आठवण ठेवा.
- फवारणीला मजूर लावला असेल तर त्याला काय फवारायचे ते सांगा, हात धुवायला साबण-पाणी द्या, उपाशीपोटी आणि वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू देऊ नका.
- घरात कुणी खचलेले असेल, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असे बोलत असेल, जेवण-झोप सुटली असेल, तर त्या दिवसांत घरात एकही डबा ठेवू नका. त्याच्याशी थेट बोला. मरणाचे विचार येतात का, असे विचारल्याने विचार वाढत नाहीत, मन हलके होते. टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते.

आणि विषबाधा झालीच तर

108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. अंगावरचे कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा. धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला लावावी. उलटी करवू नका. मिठाचे पाणी, दूध, तूप, ताक काही पाजू नका. ते फुफ्फुसात जाऊन वेगळेच संकट उभे राहते. रुग्ण गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा. डबा किंवा त्याचे लेबल सोबत आणा. कोणते औषध होते हे कळले तर आमची निम्मी धावपळ वाचते. पोलीस केस होईल, लोक काय म्हणतील या भीतीने एक मिनिटही घालवू नका. पहिला तास फार मोलाचा असतो.

त्या काकांना मी दोन चिठ्ठ्या दिल्या. एका चिठ्ठीवर महिनाभराच्या बीपीच्या गोळ्या. दुसरीवर एकच ओळ: चारही डबे परत करणे. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, "दुकानदार घेन का वापस?"

"घेत नसेल तर मला सांगा. दोघे मिळून जाऊ," मी म्हणालो. तुमच्याकडेही असे डबे असतील तर तुम्हालाही तेच सांगतो.